तयार लायब्ररी असताना एनजॉय चालवण्याचा अट्टहास कशासाठी?

तयारमाल: न्यूट्रॉनांचा प्रवास यादृच्छिक आकड्यांनी मांडणाऱ्या मॉन्टे कार्लो प्रोग्रामसाठी क्रॉस-सेक्शनच्या (न्यूट्रॉनची अणुकेंद्राशी प्रक्रिया होण्याची शक्यता सांगणाऱ्या आकड्यांच्या) तयार लायब्ररी उतरवून घेता येत असताना त्या बनवणारे एनजॉय हे सॉफ्टवेअर स्वतः चालवण्यात आठवडे घालवणे मला व्यर्थ वाटते. हे सॉफ्टवेअर एका स्वरूपातील आकडे दुसऱ्या स्वरूपात मांडते, एवढेच.

डॉप्लरपीडित: आपल्या 'एवढेच'मुळे हे लांबलचक उत्तर लिहावे लागत आहे. विभेदित रेझोनन्सच्या, म्हणजे क्रॉस-सेक्शनची उंच शिखरे एकेक वेगळी ओळखता येतात त्या ऊर्जांच्या, पट्ट्यात ईएनडीएफ या मूळ मूल्यमापनाच्या फाइलमध्ये सहसा पूर्ण वक्र नसतोच. असतात ती रेझोनन्सची ऊर्जा, रुंदी आणि स्पिन. त्यांवरून एनजॉयचे रेकॉनर हे मॉड्यूल शून्य केल्विनचा वक्र उभा करते, ब्रॉडर त्याला तापमान देते, पर्र अविभेदित (शिखरे एकमेकांत मिसळलेल्या) पट्ट्यासाठी संभाव्यता-तक्ते बनवते आणि मगच एसर तो सगळा ऐवज मॉन्टे कार्लोच्या स्वाधीन करते. यातली प्रत्येक पायरी म्हणजे भौतिकशास्त्राविषयीचा एक निर्णय आहे. युरेनियम-238 चा 6.67 इलेक्ट्रॉनव्होल्टचा रेझोनन्स तापला की बुटका आणि रुंद होतो, त्याखालचे क्षेत्रफळ जवळपास तेवढेच राहते, आणि तरीही इंधनाच्या गोळीत न्यूट्रॉनचे शोषण वाढते, कारण स्व-आच्छादन (गोळीच्या बाहेरच्या भागाने न्यूट्रॉन शोषून आतल्या भागाला झाकणे) घटते. माझ्या एका सहकाऱ्याने 900 केल्विनच्या इंधनाला 293.6 केल्विनची तयार फाइल लावली होती. गुणक (न्यूट्रॉन एका पिढीतून पुढच्या पिढीत किती पट होतात तो आकडा) हजार पीसीएमहून (पीसीएम म्हणजे लाखातला एक भाग) अधिक वर गेला आणि आम्ही तीन आठवडे भूमितीतली चूक शोधत बसलो.

तयारमाल: ही चूक फाइल निवडणाऱ्याची झाली, फाइलची नव्हे. ओपनएमसी हा मॉन्टे कार्लो प्रोग्राम दोन तापमानांच्या मधला मार्गही काढतो. तीन आठवडे कोणी भूमितीच तपासत बसले, तर त्याचा दोष माझ्या मताला कसा लागतो?

ऐंशीस्तंभ: खरा रोग कोणी बोलतच नाही: ईएनडीएफ-6 हे स्वरूप. आजही ओळ ऐंशी स्तंभांची, त्यात अकरा-अकरा स्तंभांचे सहा आकडे, आणि जागा वाचवण्यासाठी घातांकातले 'ई' हे अक्षरच गाळलेले! 1.234567+5 हा आकडा पायथनला थेट वाचता येत नाही. एनजॉयच्या इनपुटलाही अजून 'कार्ड'च म्हणतात, आणि एक तिरकी रेघ विसरलात की पुढचे सगळे आकडे भलत्याच जागी जाऊन बसतात.

डॉप्लरपीडित: आपली तक्रार रास्त आहे, पण तीच माझा मुद्दा सिद्ध करते. सात सार्थ अंकांत लिहिले तर अगदी जवळचे दोन ऊर्जाबिंदू एकच होऊन बसतात, म्हणून एनजॉय त्याच अकरा स्तंभांत घातांक न लिहिता नऊ अंक बसवते. नुसत्या नकलाकाराला हे सुचले नसते.

ऐंशीस्तंभ: म्हणजे पायातली बेडी नक्षीदार आहे म्हणून तिचे कौतुक करायचे! जीएनडीएस या नव्या स्वरूपाची श्रेणीबद्ध रचना आली आहे, तिच्यात घटक नावाने सापडतो. तरी प्रत्येक चर्चेत कोणीतरी म्हणतेच की जुने प्रोग्राम चालताहेत ना. पंचकार्डाची यंत्रे भंगारात गेली, त्यांचे स्तंभ मात्र आमच्या मानगुटीवर बसले आहेत.

गटप्रमुख: स्तंभांचे रडगाणे आवरा. बहुगट गणित (ऊर्जेचे गट पाडून प्रत्येक गटाला एकच सरासरी क्रॉस-सेक्शन देणारे) करणाऱ्यांना तयार लायब्ररीचा आधार आणखी तोकडा पडतो, कारण ग्रूपर हे मॉड्यूल ज्या फ्लक्सचे (कोणत्या ऊर्जेला न्यूट्रॉन किती, याचे) वजन देऊन सरासरी काढते, तो फ्लक्स तुमच्या प्रश्नाचा नसेल तर गट-स्थिरांकही तुमचे नसतात. औष्णिक अणुभट्टीच्या वर्णपटाने बनवलेले गट मी एकदा जलद वर्णपटाच्या प्रश्नाला लावले आणि उत्तर इतके गुळगुळीत आले की दोन महिने कोणालाच शंका आली नाही, मलाही नाही. हीटर मॉड्यूलने दिलेली ऋण केर्मा (न्यूट्रॉनमुळे पदार्थात निर्माण होणाऱ्या उष्णतेचे माप) निदान दिसते तरी आणि मूळ मूल्यमापनात ऊर्जेचा ताळा जुळत नाही हे सांगते.

तयारमाल: बहुगटाबाबत मी माघार घेतो, कारण ते काम मी करत नाही आणि यापुढे करण्याची इच्छाही उरलेली नाही. सलग ऊर्जेच्या गणितासाठी मात्र तयार लायब्ररीच वापरीन, फक्त तिची तापमाने आधी वाचून. डॉप्लरपीडितांच्या समाधानासाठी रेकॉनर 0.001 च्या सहनमर्यादेने एकदा चालवून पाहतो. पहिल्याच कार्डावर अडकलो, तर ती तिरकी रेघ शोधायला ऐंशीस्तंभांनी यावे.

ऐंशीस्तंभ: येईन, पण इनपुटची फाइल ओळींचे क्रमांक घालून पाठवा.