मदत हवी आहे: शेती झोनमधल्या जागेवर सिनियर कॉलेजची इमारत, झोन बदलावा लागतो की थेट परवानगी मिळते?

माळरान

नमस्कार मंडळी, इथे नेहमी वाचते पण लिहायची वेळ आज आली, कारण एकाच प्रश्नाला प्रत्येक टेबलावर वेगळं उत्तर मिळतंय आणि कुणाचं धरून पुढे जायचं तेच कळेना. थोडं लांब होईल, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरही अर्धवटच मिळेल म्हणून सगळं लिहिते.

सातारा-सोलापूरच्या सीमेवरच्या दुष्काळी पट्ट्यात आमची एक छोटी संस्था आहे, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली, तिचं कला आणि विज्ञान शाखेचं सिनियर कॉलेज आहे आणि मी तिथे शिकवते, शिवाय इमारतीच्या कागदपत्रांचं काम संस्थेने माझ्याकडे दिलंय. कॉलेज सध्या हायस्कूलच्या इमारतीत भरतं, सकाळी शाळा आणि दुपारी आम्ही. केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल्स शाळेच्या प्रयोगशाळेत होतात, तिथे फ्यूम हूड नाही, एका टेबलावर सहा-सहा जणी उभ्या असतात, आणि मे महिन्यात पत्र्याखाली परीक्षा घ्यायची म्हणजे काय ते ज्यांनी घेतलीय त्यांनाच माहीत. विद्यापीठाची समिती येते ती दरवेळी स्वतःची इमारत नाही असा शेरा मारून जाते. आमच्याकडे येणाऱ्या मुलींपैकी बऱ्याच जणींना तालुक्याच्या पलीकडे शिकायला पाठवणार नाहीत हे मला घराघरात जाऊन माहीत आहे, त्यामुळे हे कॉलेज टिकणं आणि नीट टिकणं हा माझ्यासाठी फक्त बांधकामाचा विषय नाही.

आता जागा. एकूण सात एकरांच्या आसपास, तीन गट, एकमेकांना लागून. पहिला गट संस्थेने कुळकायद्याच्या कलम ६३ ची (शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घ्यायला लागते ती) परवानगी घेऊन खरेदी केला, सातबाऱ्यावर नाव लागलंय. दुसरा गट गावातल्या एका कुटुंबाने बक्षीस दिला, त्याचीही परवानगी आधी घेतली होती आणि फेरफार मंजूर आहे. तिसरा गट द्यायला मालक तयार आहेत पण त्याच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात "कुळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र" असा शेरा आहे, शिवाय पहिले दोन गट एका गावच्या शिवारात आणि हा तिसरा शिवेपलीकडे, म्हणजे नव्या नगरपंचायतीच्या हद्दीत. तिथे विकास आराखड्याचं काम सुरू झालंय म्हणतात, प्रारूप अजून प्रसिद्ध झालेलं नाही.

झोन दाखला काढला तर पहिले दोन गट प्रादेशिक योजनेत शेती विभागात. गावठाणापासून २०० मीटरच्या आत आम्ही बसत नाही, त्यामुळे ती वाट नाही (आणि ती मुळात घरांसाठीच आहे असं कळलं).

इथून गोंधळ सुरू होतो. एक सल्लागार म्हणतात शेती झोनमध्ये कॉलेज होतच नाही, आधी प्रादेशिक योजनेत फेरबदल करून झोन सार्वजनिक-निमसार्वजनिक करून घ्या, म्हणजे एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक आणि नगररचना) कायद्याचं कलम २०, प्रस्ताव मंत्रालयापर्यंत जाणार, हरकती-सूचना होणार, आणि त्यांनी जी फी सांगितली ती ऐकून आमच्या अध्यक्षांनी विषयच बंद करायला सांगितला. दुसरे एक इंजिनियर म्हणतात असं काही लागत नाही, यूडीसीपीआरमध्ये (राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली) शेती झोनला शैक्षणिक वापर अटींवर चालतो, सरळ प्लॅन टाका. टीपी (नगररचना) ऑफिसात तोंडी विचारलं तर "प्रस्ताव आल्यावर बघू". आणि गावातले मोठे लोक म्हणतात ग्रामपंचायतीचा ठराव आणि नाहरकत घ्या, पाया भरा, नंतर सगळं रेग्युलर होतं, आजूबाजूला सगळ्यांनी असंच केलंय.

हे शेवटचं मला करायचं नाही आणि कृपया इथेही कुणी सुचवू नका. मंजूर नकाशा नसेल तर बँक दारात उभं करत नाही, सरकारी निधी मिळत नाही, देणगीदार कंपन्या आधी मंजुरीचं पत्र मागतात, आणि सगळ्यात मुख्य म्हणजे ज्या इमारतीत शेकडो मुलं बसणार तिच्यावर उद्या एमआरटीपीच्या कलम ५३ ची पाडण्याची नोटीस लागली तर त्यांच्या पालकांना तोंड कसं दाखवायचं? ती इमारत कायद्याने उभी राहिली पाहिजे, वेळ लागला तरी चालेल.

अजून एक अडचण रस्त्याची. जागेपर्यंत पाणंद आहे, बैलगाडीची जुनी वाट, प्रत्यक्षात ट्रॅक्टर जातो पण गावनकाशावर नुसती तुटक रेघ आहे आणि शेवटचा तुकडा शेजाऱ्यांच्या बांधावरून. एकांनी सांगितलं तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली रस्ता मागा. तो रस्ता कॉलेजला चालेल का?

तर विचारायचं ते असं की झोन बदल खरंच लागतो का, एनए (जमीन अकृषिक करणं) वेगळं करायचं का, तिन्ही गट एकत्र धरून प्लॅन टाकायचा की दोनच, रस्त्याचं काय करायचं, आणि हे सगळं कोणत्या क्रमाने. ज्यांनी ग्रामीण भागात शाळा-कॉलेज बांधलंय किंवा टीपीची कामं करतात त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

ओळंबा

ताई, मी आर्किटेक्ट आहे, जास्त कामं ग्रामीण भागातलीच. पहिलं म्हणजे कलम २० च्या नादाला आत्ता लागू नका. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही वगळलेली क्षेत्रं सोडून राज्यभर यूडीसीपीआर लागू आहे, प्रादेशिक योजनेतल्या गावांनाही तीच नियमावली. तिच्या चौथ्या प्रकरणात प्रत्येक झोनला काय चालतं त्याची यादी आहे, आणि शेती विभागाच्या यादीत शेतीशिवायचेही बरेच वापर अटींसह आहेत, संस्थांच्या इमारती त्यात येतात. अटी म्हणजे एफएसआय (जागेच्या प्रमाणात किती बांधकाम चालेल ते) कमी, झाडं लावायची, रस्त्याची रुंदी, आणि जादा एफएसआय हवा तर प्रीमियम. झोन बदलणं आणि आहे त्या झोनमध्ये चालणारा वापर मागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, सल्लागारांनी त्या एक करून टाकल्यात. फक्त तुमचा प्लॅन ज्या दिवशी दाखल होईल त्या दिवसापर्यंतच्या दुरुस्त्यांसकट ते कलम वाचा, नियमावलीत सारखे बदल येत असतात आणि जुनी पीडीएफ घेऊन बसणारे खूप आहेत.

सात एकरांवर कमी एफएसआय मिळाला तरी तळमजला अधिक दोन मजल्यांचं कॉलेज आरामात बसतं, त्यामुळे एफएसआयच्या भीतीने झोन बदलायला जाऊ नका. तुमची अडचण एफएसआय नाहीच, रस्ता आहे.

कलम १४३ चा रस्ता शेतात जाण्यासाठी असतो, बांधावरून शेतकऱ्याने आपल्या शेतात जायचं यासाठी तहसीलदार तो देतात. कॉलेजच्या प्लॅनला तो दाखवलात तर टीपी तिथेच थांबवणार, आणि बरोबरच आहे, उद्या फायरची गाडी आत कशी यायची? शेजाऱ्यांशी बोलून लागेल तेवढी पट्टी रीतसर नोंदणीकृत दस्ताने रस्त्यासाठी घ्या, मग ती ग्रामपंचायतीकडे वर्ग करून नमुना २३ ला (ग्रामपंचायतीची रस्त्यांची नोंदवही) रस्त्याची नोंद करून घ्या. पाणंदीची हद्द मोजून घ्या, अतिक्रमण निघालं तर आत्ताच निघू दे. शेजारी तयार नसतील तर जागेचाच पुन्हा विचार करावा लागेल, हे स्पष्ट सांगतो, कारण नंतर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

फेरफार

मी महसूलमधून रिटायर झालोय. कलम ४३ च्या शेऱ्याला घाबरायचं कारण नाही. २०१४ च्या दुरुस्तीनंतर ३२-म चं (कुळाने जमीन खरेदी केल्याचं) प्रमाणपत्र होऊन १० वर्षं झाली असतील तर जमिनीच्या आकाराच्या ४० पट रक्कम भरून ते बंधन निघतं. आकार म्हणजे बाजारभाव नव्हे बरं का, सातबाऱ्यावरची शेतसाऱ्याची आकारणी. ती ५ रुपये असेल तर ४० पटीने २०० रुपये होतात. लोक उगाच या शेऱ्यावरून जमिनी सोडून देतात. पण शेरा निघाला तरी संस्था शेतकरी नाही, म्हणून बक्षीसपत्राच्या आधी कलम ६३ कसं लागू होतं ते प्रांतांकडून लेखी घ्या. परवानगी लागत असताना आधी दस्त केला तर कलम ८४-क ची चौकशी मागे लागते. (हे १९४८ चा कुळकायदा लागू आहे तिथलं झालं, मराठवाडा-विदर्भातल्या वाचकांनी आपापला कायदा बघावा.)

एनए बद्दल: जमीन महसूल संहितेत कलम ४२-ब, ४२-क, ४२-ड आल्यापासून सगळीकडे जुन्या पद्धतीने कलम ४४ चा अर्ज करावा लागत नाही. प्रादेशिक योजनेतल्या जमिनीला ४२-क होतं, पण या तरतुदी बदलत असतात, म्हणून योजनेप्रमाणे चालणाऱ्या वापरासाठी आज कोणती रक्कम भरून घेतात ते तहसीलमध्ये विचारा. म्हणून ओळंबा म्हणतात ते आधी, वापर चालतो हे टीपीकडून लेखी, आणि मग एनएची रक्कम.

माळरान

दोघांचेही मनापासून आभार, इतकं स्पष्ट कुणी सांगितलं नव्हतं. टीपीवाले लेखी देत नाहीत ही अडचण आहे, तोंडी "बघू" म्हणतात. आणि तिसऱ्या गटाचं काय करू, तो मैदानासाठी हवाच आहे.

ओळंबा

तोंडी विचारलंत तर तोंडीच मिळणार. नोंदणीकृत आर्किटेक्टमार्फत पूर्ण प्रस्ताव दाखल करा: चालू सातबारा, फेरफार, भूमि अभिलेखची मोजणीची क प्रत, झोन दाखला, रस्त्याचा दस्त, संस्थेचा ठराव. परिपूर्ण अर्ज दाखल झाला की त्यावर निर्णय द्यावाच लागतो. एमआरटीपी कलम ४५ प्रमाणे नियोजन प्राधिकरणाला ६० दिवस आहेत, आणि नकार आला तर कारणांसह लेखी आला पाहिजे, त्यावर कलम ४७ खाली ४० दिवसांत शासनाकडे अपील करता येतं. तुमचे दोन गट प्रादेशिक योजनेत आहेत, तिथे परवानगी कलम १८ खाली जिल्हाधिकारी देतात, टीपीचा अभिप्राय घेऊन, त्यामुळे पोच जिल्हाधिकारी कार्यालयाचीच घ्या. मुदत उलटली म्हणून मानीव परवानगी धरून बांधायला मात्र जाऊ नका, प्लॅन नियमात बसत असेल तरच ती टिकते आणि बँक ती मानणार नाही.

तिसरा गट प्लॅनमध्ये घालू नका. गाव वेगळं, प्राधिकरण वेगळं, एक फाइल दोन दारांत अडकेल. मुख्य इमारत, प्रयोगशाळा, पार्किंग, सगळं पहिल्या दोन गटांत बसवा. तिसऱ्याबद्दल महत्त्वाचं म्हणजे नगरपंचायतीच्या प्रारूप आराखड्यावर लक्ष ठेवा. कलम २६ ची नोटीस राजपत्रात आली की हरकती-सूचनांना ३० दिवस मिळतात. त्या ३० दिवसांत संस्थेचा ठराव जोडून लेखी सूचना द्या की हा गट शैक्षणिक वापरासाठी दाखवावा, आणि सुनावणीला स्वतः हजर राहा. तेव्हा एक अर्ज पुरतो, आराखडा मंजूर झाल्यावर तेच काम कलम ३७ खाली फेरबदल म्हणून करायचं तर वर्षं जातात. उलटंही होऊ शकतं, तुमच्या गटावरूनच एखादा डीपी रोड (आराखड्यातला रस्ता) किंवा बगीच्याचं आरक्षण येऊ शकतं, म्हणून आराखडा बघितल्याशिवाय तो गट बक्षीस घेऊ नका.

एक वाचक

आमच्या संस्थेच्या इमारतीच्या वेळचं सांगतो. परवानगी मिळाल्यावर बँकेकडे गेलो तेव्हा कळलं की संस्थेसाठी कर्ज काढायला, जमीन तारण ठेवून असो वा नसो, धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते, सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम ३६-अ. तो अर्ज प्लॅनच्या बरोबरीने चालू करा. आणि बांधकाम प्रमाणपत्र एक वर्षासाठी असतं, नूतनीकरण धरून जास्तीत जास्त चार वर्षं, म्हणून पैसे हातात नसताना ते घाईने काढून ठेवू नका. फायरच्या अटी प्लॅनच्या टप्प्यालाच बघा, जिन्याची रुंदी नंतर वाढवता येत नाही.

माळरान

हे कर्जाचं आमच्या कुणाच्याच डोक्यात नव्हतं, फार मोठी मदत झाली. तर आता क्रम असा लावते: आधी शेजाऱ्यांशी रस्त्याचं बोलणं आणि पाणंदीची मोजणी, ते जमलं की दोन गटांचा प्लॅन आणि त्याच सुमाराला धर्मादायकडे अर्ज, तिसऱ्या गटासाठी ४० पट भरून शेरा काढायला मालकांना मदत करते पण दस्त आराखडा प्रसिद्ध झाल्यावरच. शेजारचे काका तयार होतील असं वाटतं, त्यांची नात आमच्याकडेच एसवायला आहे, पण जमिनीचा विषय आहे, मोबदला दिल्याशिवाय मी दस्त करून घेणार नाही.

शेवटची एक विनंती. शेती विभागात कॉलेजला किंवा शाळेला कलम १८ खाली मिळालेल्या मंजुरीचा आदेश कुणाकडे असेल तर नावं आणि गट नंबर झाकून त्याची प्रत पाठवाल का? कोणत्याही जिल्ह्यातला चालेल, फक्त २०२० नंतरचा हवा. टीपीत जाताना हातात एक झालेलं उदाहरण असलं की बोलणं सोपं जाईल.

ओळंबा

माझ्याकडे एक आहे, आश्रमशाळेच्या इमारतीचा, त्यात अटींची यादीही जोडलेली आहे. संस्थेला विचारून उद्या संध्याकाळपर्यंत व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.