मुलींच्या संडासाला कुलूप, पोरगी शाळेत दिवसभर पाणीच पीत नाही

सहावीतलीची आई:
नमस्कार, आम्ही नाशिक जिल्ह्यातले. मुलगी गावातल्याच जिल्हा परिषद शाळेत सहावीला आहे. सकाळी पाण्याची बाटली भरून देते ती संध्याकाळी तशीच भरलेली परत येते. रागावले तर म्हणाली, आई पाणी प्यायलं की लघवीला लागते आणि तिथं कुलूप असतं. परवा जाऊन बघितलं तर खरंच कुलूप, फटीतून आत पाहिलं तर भांड्यात पालापाचोळा, वरची टाकी कोरडी ठणठणीत. दिवाळीपासून दोनदा जळजळ होते म्हणून दवाखाना झाला. गुरुजी म्हणतात पाणी नाही, साफ करायला माणूस नाही. बोलायचं कुणाशी?

जि.प. शिक्षिका:
ताई, एकट्या गुरुजींवर राग धरू नका, शाळा अनुदान येतं त्यातच लाइटबिल, खडू, साबण सगळं बसवावं लागतं. पण कुलूप हा उपाय नाहीच. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे मुलींना वेगळं स्वच्छतागृह आणि प्यायचं पाणी द्यावंच लागतं. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका. तिथे लेखी अर्ज द्या आणि इतिवृत्तात नोंद करून घ्या, तोंडी बोललेलं राहून जातं.

माजी ग्रा.पं. सदस्य:
आमच्या शाळेचं हेच होतं, दोनदा रंगरंगोटी झाली पण पाण्याचं कुणी बघितलं नाही. शेवटी ग्रामसभेत बायका उठल्या. ग्रामपंचायतीला १५व्या वित्त आयोगातून मिळणाऱ्या पैशातला ६० टक्के निधी तेव्हा बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच वापरायचा, त्यातून पाइप ओढला. सफाईच्या मावशींचं मानधनही त्याच सभेत ठरवून घेतलं, नाहीतर महिन्याभरात परत कुलूप लागलं असतं.

आशाताई:
आधी पोरीची लघवी तपासून घ्या ताई, दोनदा झालंय म्हणजे अंगावर काढू नका. आणि शाळेत पाणी आलं की प्यायच्या टाकीत हजार लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर), बादलीत कालवून वरची निवळीच ओतायची, अर्ध्या तासाने ओटी टेस्टला, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायच्या चाचणीला, पिवळा रंग आला पाहिजे. साबणाची वडी जाळीच्या पिशवीत घालून नळालाच बांधा, खिचडीच्या आधी पोरं आपोआप हात धुतात.

सहावीतलीची आई:
सगळ्यांचे आभार. उद्याच तिला दवाखान्यात नेते. समितीची बैठक शनिवारी आहे, आणखी चार जणींना घेऊन जातेय, टाकीचा फोटो काढून ठेवलाय. मावशींच्या मानधनाचं पण लिहूनच देते.