मदत हवी आहे: पावसात हातातून न सटकणारी फिक्स्ड ब्लेड सुरी, बजेट २००० पर्यंत

नमस्कार मंडळी, ट्रेकला आणि गावच्या बागेत वापरायला एक सुरी घ्यायचीय. घडीची नकोय, कारण तिच्या सांध्यात चिखल आणि फणसाचा चीक जाऊन बसतो आणि मग ती धड उघडत नाही की धड मिटत नाही. काम म्हणाल तर दोरी कापणं, कांदा-बटाटा, बांबूच्या कामट्या काढणं आणि चुलीसाठी सुक्या लाकडाच्या बारीक ढलप्या. फांद्या तोडायला कोयता आहेच, त्यामुळे पातं १० सेंमीच्या आसपास पुरे.

पात्यापेक्षा मला मुठीची काळजी जास्त आहे. गेल्या जुलैत दापोलीला कामट्या काढत होतो, बारीक पाऊस, हात ओले, सुरी ऑनलाइन मागवलेली, अख्खी स्टीलची आणि मुठीला नुसती दोरी गुंडाळलेली. बांबूच्या पेरात पातं अडकलं म्हणून जोर लावला तर दोरी जागेवरच फिरली, हात पुढे सरकला आणि तर्जनी थेट धारेवर, चार टाके पडले. बोट अडायला मुठीच्या पुढे काहीच नव्हतं हे तेव्हा लक्षात आलं, घेताना मी फक्त स्टील कुठलं तेवढंच बघितलं होतं.

आमच्या आजोबांच्या कोयत्याची मूठ मात्र घामेजल्या हातातूनही निसटत नाही. मधे जराशी बारीक, शेवटाला जाड आणि खाली वाकलेली, आणि गोल नाही तर अंडाकृती, त्यामुळे न बघताही धार कुठल्या बाजूला आहे ते हाताला कळतं. अगदी तशी मूठ लहान सुरीला हवीय. चपट्या, कडा न घासलेल्या मुठी नकोत, अर्धा तास काम केलं की तळहाताला फोड येतात.

सध्या स्वीडनच्या मोरा कंपनीची कम्पॅनियन ही सुरी डोक्यात आहे, पातं साधारण १०.४ सेंमी, अडीच मिमी जाड, मुठीला रबर आणि पुढे बोटासाठी छोटा उंचवटा. त्यांच्याच ५११ या मॉडेलला हा उंचवटा बराच मोठा आहे पण पातं बारीक, २ मिमीचं. आता प्रश्न असा की कम्पॅनियनचं पातं मुठीच्या शेवटापर्यंत जात नाही, तर वरून लाकडाने हलके ठोके मारून ढलप्या काढल्या तर चालतं का, आणि रबर दोन-तीन पावसाळ्यांनंतर चिकट होतं का? कोकणातल्या दमट हवेत कार्बन स्टील तेल लावून टिकतं की सरळ स्टेनलेसच घ्यावं?

दुसरा विचार म्हणजे गावच्या लोहाराकडून पातं करून घ्यायचं आणि मूठ सुताराकडून हाताच्या मापाने. माझा तळहात अंगठा सोडून साडेनऊ सेंमी रुंद आहे, बाजारातल्या बऱ्याच मुठी करंगळीच्या आधीच संपतात. कोणी अशी करून घेतली असेल तर लाकूड कुठलं वापरलंत, खर्च किती आला आणि पावसात मूठ ढिली झाली का, एवढं जरूर सांगा. ओल्या हाताने प्रत्यक्ष वापरलेल्यांचं मत आधी हवंय, जूनच्या आत घ्यायचीय.