विषय: पुण्याहून गणपतीआधी कुणी येतंय का?

प्रेषक: नेहा, लेस्टर
१२ ऑगस्ट २०२२

नमस्कार मंडळी,

गणपतीआधी पुण्याहून कुणी इकडे इंग्लंडला येणार असेल तर माझं एक काम आहे. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या हव्यात, प्रायमोलट-एन. आपल्याकडे मेडिकलवाल्याकडे नुसत्या मागितल्या तरी मिळतात. पूजेसाठी नकोत (सासूबाई या मेल लिस्टवर आहेत, आधीच सांगते), ड्यूटीसाठी हव्यात.

मी आयसीयूत नर्स आहे. २०२०च्या एप्रिलपासून माझ्या पाळीचं तंत्रच बिघडलंय. आधी दीड-दोन महिने येईचना, मग आली की थांबेचना. तेव्हा पीपीई चढवून आत गेलं की ब्रेकपर्यंत बाहेर यायची सोय नव्हती. पॅड बदलायला यायचं म्हणजे एक अख्खा सेट वाया, आणि सेट मोजून मिळायचे. लघवीला जावं लागू नये म्हणून पाणीसुद्धा बेतानं प्यायचो. वॉर्डातल्या बऱ्याच जणी गोळ्या घ्यायला लागल्या, तशी मीही. आता कोविडचे पेशंट कमी झालेत, पण माणसं कमी असल्यामुळे जादा शिफ्ट तशाच आहेत, आणि पाळीही तशीच. जीपी, म्हणजे इथले फॅमिली डॉक्टर, म्हणाले, स्ट्रेस आहे. आई फोनवर म्हणते, लशीमुळे झालं. अजून कुणाला असा त्रास आहे का?

नेहा

*

प्रेषक: सुनीता, हॅरो

नेहा,

गोळ्या कुणीही आणू नका. स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून आयुष्य गेलं, त्यातली निम्मी श्रावण-भाद्रपदातली ओपीडी या गोळ्यांनीच भरायची. सणापुरतं चार-आठ दिवस एखादीने डॉक्टरांना विचारून घेतल्या तर मी फार ओरडत नाही. पण ड्यूटीचा रोटा बघून दोन-दोन वर्षं? त्यात नॉरएथिस्टेरॉन हे संप्रेरक असतं. पाळी ढकलायला जेवढ्या मात्रेत ते घेतात, तेवढ्या मात्रेत त्याचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेन या दुसऱ्या संप्रेरकात बदलतो आणि रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो. घरात कुणाला गुठळी झाली असेल, किंवा डोळ्यांसमोर चमकून अर्धशिशी होत असेल, तर जास्तच. आणि गोळी थांबवल्यावर दोन-तीन दिवसांनी अंगावरून जातं, त्याला पाळी आली म्हणून खूश होऊ नये. औषध काढून घेतल्याचा तो रक्तस्राव असतो. बीज सुटलं की नाही हे त्यावरून कळत नाही.

आता तुझं मूळ दुखणं. मेंदूतला हायपोथॅलॅमस ठरावीक अंतरानं जीएनआरएच हे संप्रेरक सोडतो, त्यावर त्याच्या खालची पिट्युटरी ग्रंथी चालते आणि तिच्यावर अंडाशय. सततचा ताण, तुटक झोप, धड जेवण नाही, अशानं ते सोडण्याची लय मंदावते. बीज उशिरा सुटतं, म्हणून पाळी लांबते. बीज सुटलंच नाही तर अस्तर सांभाळणारं प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, आतलं अस्तर नुसत्या इस्ट्रोजेनवर वाढत राहतं आणि मग कधीतरी पडायला लागलं की दिवसचे दिवस पडत राहतं. म्हणजे तुला दोन वेगळ्या तक्रारी वाटतात, पण न येणं आणि न थांबणं हा बहुधा एकच बिघाड.

आईंना सांग, तुझी पाळी बिघडली एप्रिल २०२०मध्ये आणि या देशात पहिली लस टोचली ८ डिसेंबरला. लशीनं काहीच होत नाही असंही मी म्हणणार नाही. यंदा जानेवारीत अमेरिकेतला अभ्यास आला, ॲपवर पाळीची नोंद ठेवणाऱ्या जवळजवळ ४,००० बायकांचा. लशीनंतरचं चक्र सरासरी एका दिवसाहूनही कमी लांबलं. दोन वर्षांचा गोंधळ त्यानं होत नाही.

आयर्लंडमध्ये १,०३१ बायकांना विचारलं, तर ४६ टक्के म्हणाल्या की साथ सुरू झाल्यापासून पाळी बदलली. सोशल मीडियावरची पाहणी आहे, ज्यांना त्रास त्याच जास्त भरणार, तेवढी सूट धरायची. पण तुर्कस्तानात खास आरोग्यसेविकांचीच पाहणी झाली आणि तिथंही चिंता, नैराश्य, ताण यांची सांगड अनियमित पाळीशी लागली.

तरीसुद्धा "स्ट्रेस आहे" हे निदान सगळ्यात शेवटी करायचं असतं, पहिल्या पाच मिनिटांत नाही. आधी तपासायचं: गर्भ नाही ना, थायरॉइड, प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक), हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (लोहाचा साठा). नुसतं हिमोग्लोबिन नको, ते बरं दिसतं आणि लोहाचा साठा मात्र रिकामा असतो. जास्त जातंय तर सोनोग्राफी, फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातल्या गाठी, बघायला. तीन महिने पाळीच आली नाही तर थांबायचं नाही, इस्ट्रोजेन दीर्घकाळ कमी राहिलं की हाडं झिजतात.

सुनीताताई

*

प्रेषक: मकरंद, बर्मिंगहॅम

मी पुरुष, या धाग्यात बोलावं की नाही असं वाटलं, पण २०२०मध्ये एका रुग्णालयाच्या पुरवठा विभागात होतो म्हणून लिहितो. गाऊन, हातमोजे, व्हायझर यांची मोजदाद रोज व्हायची. पॅड कुठल्याच यादीत नव्हते. पेशंटना रुग्णालयातून पॅड मोफत द्यायचे, हे इंग्लंडमध्ये मार्च २०१९मध्ये ठरलं. स्टाफचं त्यात नव्हतं. दुकानं रिकामी, शिफ्ट संपेपर्यंत तीही बंद झालेली, मग ह्यांनी आणायचे कुठून? चीनमध्ये फेब्रुवारी २०२०मध्येच हुबेईतल्या रुग्णालयांना पॅड पाठवायची मोहीम लियांग यू नावाच्या बाईनं सुरू केली होती. म्हणजे अडचण काय आहे हे साथ इथे यायच्या आधीच जगाला दिसलेलं होतं. आमच्या बैठकीत बारा माणसांत दोन बायका, आणि त्याही बोलल्या नाहीत. कुणी विचारलं तर बोलतील ना.

मकरंद

*

प्रेषक: शुभांगी, स्लाव

मी केअर होममध्ये. मलाही हाच त्रास, रात्रपाळी सलग लागली की हमखास. मेन्स्ट्रुअल कप वापरून बघ, साधारण बारा तासांपर्यंत चालतो, जास्त जात असेल तर आधी रिकामा करावा लागतो. सवय व्हायला वेळ लागतो, पहिल्यांदा घरी असताना लाव. टॅम्पॉन मात्र आठ तासांपलीकडे अजिबात नको. पीरियड पँट्स (पॅडऐवजी घालायच्या शोषक चड्ड्या) ही छान, पण महाग. टॅम्पॉनवरचा व्हॅट २०२१मध्ये गेला, ह्यांच्यावर २०२२मध्येही २० टक्के आहे. का, तर म्हणे कपडे आहेत.

*

प्रेषक: विजया

नेहा, पूजेसाठी गोळ्या घे असं मी कधी म्हटलं? सुनीताताई, धन्यवाद. बाकी घरी बोलू.

*

प्रेषक: नेहा, लेस्टर
१९ ऑगस्ट २०२२

सगळ्यांचे आभार. मला लिस्टबाहेर इतक्या जणींची मेल आली की उत्तरं द्यायला रविवार लागेल. त्यात दोन डॉक्टर आहेत, एक फिजिओ, आणि एक क्लीनर, जिला जीपीकडे जायला सुट्टीच मिळत नाही. सुनीताताई, तिला तुमचा नंबर देऊ का?

गोळ्या बंद केल्या. जीपीला थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि फेरिटिन लिहून द्यायला लावलं, मंगळवारी रक्त द्यायचंय. वॉर्ड मॅनेजरशीही बोलले. सलग रात्रपाळ्या तीनच्या वर देणार नाही म्हणाली, आणि स्टाफच्या टॉयलेटमध्ये पॅड ठेवू म्हणाली. दोन्ही तोंडी. मी ईमेल करून ठेवलाय, उत्तराची वाट बघतेय.

नेहा