उदास म्हणजे बुद्धिमान? ब्रिटिश मालिकांबद्दल माझं स्पष्ट मत

करडीछटा: ब्रिटिश मालिकांचा साचा ठरलेला आहे: मेलेलं मूल, संथ पियानो, झोप न झालेला पोलीस. या उदासपणालाच लोक बुद्धी समजतात. 'ब्रॉडचर्च' घ्या, 'अ‍ॅडॉलसन्स' घ्या.

बोलकापडदा: हे वाचून गप्प बसवत नाही. पियानो हे वातावरण झालं. बुद्धी दिसते ती घटना एकीतून दुसरी कशी निघते त्यात. 'हॅपी व्हॅली'चं पहिलं पर्व बघा. हिशेबनीस केविन मुलीच्या शाळेच्या फीसाठी पगारवाढ मागतो, मालक नकार देतो आणि त्या रागात केविन मालकाच्या मुलीला पळवायची कल्पना भलत्याच माणसाच्या कानावर घालतो. मालक नंतर मदतीला तयार होतो, पण तोवर चक्र फिरलेलं असतं. १९८२ चं, बेकार कामगारांवरचं 'बॉइज फ्रॉम द ब्लॅकस्टफ' तर त्याहून कडक. पहिल्याच भागात बेकारभत्ता खात्याच्या माणसांपासून पळताना स्नोई हा कामगार पडून मरतो. तरी त्यात हसू आहेच: त्यांच्यातलाच योसर फुटबॉलपटू ग्रेम सूनेसला गाठून सांगतो की मी तुझ्यासारखा दिसतो.

करडीछटा: केविनचं मान्य करावं लागेल. पण 'अ‍ॅडॉलसन्स'चे चार भाग, प्रत्येक एका सलग शॉटमध्ये, यात जेमी या मुलावर जिच्या खुनाचा आरोप आहे ती केटी कुठे आहे? आणि 'ब्लॅकस्टफ'चं चित्र स्वस्त दिसतं. माणूस हलला की कडा कंगव्यासारख्या फाटतात.

टेपवाला: तो दोष मालिकेचा नाही. पाचपैकी चार भाग व्हिडिओवर आहेत, योसरचा तेवढा १६ मिमी फिल्मवर. व्हिडिओत सेकंदाला ५० फील्ड, म्हणजे अर्धी चित्रं, एकात सम ओळी, दुसऱ्यात विषम. १/५० सेकंदाच्या अंतराने टिपलेली दोन फील्ड एकाच फ्रेममध्ये कोंबली की कडा फाटणारच. व्हीएलसी या प्लेअरमध्ये व्हिडिओ मेनूतून डीइंटरलेस, म्हणजे फील्ड सुटी करणारी सोय, 'ऑन' करा आणि मोड 'याडिफ (२एक्स)' ठेवा, म्हणजे प्रत्येक फील्डची वेगळी फ्रेम होते. नुसत्या 'याडिफ'वर २५ फ्रेम उरतात, हालचाल निम्मी होते. 'ब्लेंड'वर दुहेरी प्रतिमा दिसते. पडदा ६० हर्ट्झवर (सेकंदाला ६० चित्रं) असेल तर ५० वर आणा, नाहीतर कॅमेरा फिरताना गचके बसतात. आणि चित्र ४:३ च ठेवा, ताणू नका.

करडीछटा: इथे मालिकेवर बोलणं चाललंय, प्लेअरच्या मेनूवर नाही!

टेपवाला: 'स्वस्त' हे मत तुम्ही बिघडलेल्या चित्रावरून दिलंत, म्हणून मेनू. ५० ची हालचाल नीट दिसली की व्हिडिओवरचे भाग बातम्यांइतके जवळचे वाटतात; मग मालिकेच्या चौथ्या भागात फिल्म येते आणि योसरचं जग वेगळ्याच पोताचं होतं. सगळं २५ वर आणलंत की हा फरकच पुसला जातो. फाइल करतानाच कोणी २५ वर आणली असेल तर कुठलंही सेटिंग उपयोगाचं नाही, मूळ डीव्हीडीच मिळवा.

चहाबाज: केटीचं उत्तर कोणीच दिलं नाही. 'अ‍ॅडॉलसन्स'च्या दुसऱ्या भागात पोलीस अधिकारी मिशा फ्रँक स्वतः बोलून दाखवते की सगळे जेमीला लक्षात ठेवतील, केटीला नाही. म्हणजे उणीव लेखकांना ठाऊक आहे. ठाऊक असून भरून काढली नाही, इथे करडीछटा बरोबर आहेत.

बोलकापडदा: सलग शॉटमध्ये भूतकाळात जाता येत नाही, ही त्या पद्धतीची किंमत. त्याच बंधनामुळे तिसऱ्या भागात मानसतज्ज्ञ आणि जेमी समोरासमोर अडकतात; कट नाही, त्यामुळे बघणाऱ्यालाही सुटका नाही.

करडीछटा: मग ती किंमत केटीनेच का मोजायची? तिसरा भाग भक्कम आहे, एवढं देतो. धाग्याचं शीर्षक बदलणार नाही.