मदत हवी आहे : नवमुस्लिम मित्र मशिदीत यायचाच बंद झालाय

मिरजवाला :
सलाम मंडळी. ऑफिसातला मित्र ५ महिन्यांपूर्वी मुसलमान झाला, कलमा माझ्यासमोरच पढला. नमाज मीच शिकवली, अल-फातिहाच्या सातही आयती पठ्ठ्याने आठवड्यात पाठ केल्या. पण गेले १५ दिवस येतच नाही, फोन केला की उद्या बघू म्हणतो. रमजान तोंडावर आलाय, लवकर सांगा काय करू.

दापोलीकर :
राहता कुठे ते लिहा की. आणि मशिदीत कोणी काही बोललं का त्याला?

सुरमा_बाई :
आधी नाव बदलून घ्या त्याचं, माझ्या जावेच्या भावाने बदललं आणि मग बघा कसा पक्का झाला.

रहमतपुरी :
नावाचं कोण विचारतंय इथे? अर्थ वाईट नसेल तर जुनं नाव चालतं.

मिरजवाला :
सिंगापूर, लिहायचं राहिलं. हो बोलले ना, फजरला, म्हणजे पहाटेच्या नमाजला. दुसऱ्या रकातीत (नमाजच्या दुसऱ्या फेरीत) रुकूनंतर, म्हणजे कमरेत वाकून झाल्यावर, सगळे उभ्यानेच हात उचलून दुआ मागायला लागले, हा सरळ सजद्यात गेला, कपाळ जमिनीला टेकवायला, नंतर बाजूच्या काकांनी चारचौघांत टोकलं. आमच्यात नसतं तसं, म्हणून मी शिकवलंच नव्हतं.

दापोलीकर :
अहो मग घोळ तिथेच आहे! ती उभ्याने मागायची दुआ म्हणजे कुनूत. तिथले मलाय लोक शाफई, आम्ही कोकणीपण शाफई, तुम्ही हनफी, सुन्नींमधलेच दोन वेगळे पंथ, नमाजच्या पद्धतीत थोडा फरक. आम्ही आमीन मोठ्याने म्हणतो, रुकूत जाताना हात उचलतो, असरची (दुपारनंतरच्या नमाजची) वेळ सावली वस्तूएवढी झाली की लागते, तुमच्यात दुप्पट. त्या बिचाऱ्याला वाटलं असेल आपण ५ महिने चुकीचीच पढलो.

सोलापुरी :
असरची वेळ हनफींचीच बरोबर आहे पण.

रहमतपुरी :
घ्या, झालं सुरू. यानेच नवा माणूस पळतो.

सुरमा_बाई :
सिंगापूरला आहात तर रमजानात गेलांग सेराईचा बाजार चुकवू नका हां.

दापोलीकर :
मिरजवाले, ओनान रोडला दारुल अरकम आहे, नवमुस्लिमांचीच संस्था, वर्ग असतात, तिथे त्याच्यासारखेच चार जण भेटतील. तुम्ही एकटे किती पुरणार? आणि घरी काय वातावरण आहे त्याच्या? रोजे एकटाच धरणार का?

मिरजवाला :
आईवडील चेन्नईला असतात एवढंच माहितीय. त्यांना सांगितलंय की नाही, मी कधी विचारलंच नाही. संध्याकाळी त्याच्याकडेच जातो, नमाजचा विषय काढत नाही.