बॉटम ब्रॅकेटची वाटी वारंवार सैल होते

प्रश्न, खानापूर : माझ्या जुन्या सायकलच्या बॉटम ब्रॅकेटची (पायडलचा धुरा फिरतो त्या भागाची) डावी वाटी, म्हणजे छर्रे बसतात ती, बेळगावला एकदा जाऊन आले की हलू लागते. दोनदा आवळूनही फरक पडलेला नाही. काय करावे?

उत्तर, निपाणी : वाटीला जागेवर धरते ते बाहेरचे लॉकरिंग (वाटीवर आवळायचे आट्यांचे कडे), म्हणून आटे रॉकेलने स्वच्छ करून, ग्रीस लावून, धुरा न डुगडुगता मोकळा फिरेल इतपत वाटी बसवावी आणि ती पान्याने धरूनच लॉकरिंग घट्ट आवळावे. छर्रेही पाहावेत, सुटे पाव इंची असतील तर बहुधा प्रत्येक बाजूला 11 लागतात.

उत्तर, बेळगाव : उजवी वाटीही तपासावी. तिचे आटे बहुधा उलटे असतात, म्हणजे ती घड्याळाच्या उलट दिशेने आवळली जाते. हे विसरून मी स्वतः एकदा आटे खराब केले आहेत.

खानापूर : लॉकरिंगच झिजलेले निघाले. नवे बसवतो.